बुऱ्हाणपूरचा खानखाना आणि त्याचे शिपाई

शाळेत हिंदीचे पुस्तक हाती घेतलेल्या प्रत्येकाला रहीम ठाऊक असतो. कबीर, सूर व तुलसीदास ह्यांच्या पंक्तीला त्याचे नाव येत असल्यामुळे हाही कोणी विरक्त साधुपुरुष असावा, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसलेली आहे. वस्तुतः अब्दुर्रहीम खानखाना हा मोगलांचा सेनापती होता. तलवार त्याच्या हाती वयाच्या सोळा-सतरा वर्षांपासून होती व सत्तरी आली तरी ती सुटली नाही. त्याच्या आयुष्यातील फार मोठा काळ बुऱ्हाणपूरला गेला. खानदेश, वऱ्हाड व निमाड ह्या भागांतील आमच्या वाचकांस हे गाव परके नाही. भुसावळहून खंडव्याकडे जाताना तापीकाठी लागणारे हे शहर पूर्वी खंडवा जिल्ह्यात मोडत असे. २००३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील बाजारात मराठी आजही सहज कानी पडते.

रहीमच्या दानशूरपणाच्या गोष्टी उत्तर हिंदुस्थानात घरोघरी सांगतात. कवींना त्याने काय दिले हे त्या गोष्टींत बहुधा असते. त्याच्या हाताखाली लढलेल्या, थकलेल्या व मेलेल्या शिपायांसाठी त्याने काय केले, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ह्या लेखात दोहे बाजूस ठेवून आम्ही तेवढेच पाहणार आहोत.

त्या काळच्या शिपायाची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आज सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानाला निवृत्तिवेतन मिळते, जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण कार्यालय असते, आणि १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळून माजी सैनिक व वीरपत्नी ह्यांच्यासाठी निधी गोळा केला जातो. मोगल काळात ह्यांपैकी काहीही नव्हते. बादशहा मनसबदाराला जहागीर किंवा रोख रक्कम देई आणि मनसबदाराने आपापले स्वार ठेवावेत, अशी रीत होती. म्हणजे शिपाई नावाला बादशहाचा, पण पोटाला सरदाराचा. घोडा बहुधा त्याचा स्वतःचाच असे. लढाईत घोडा पडला म्हणजे स्वाराची कमाई बसली. पगार थकणे ही नित्याची गोष्ट. त्यात सरदार वारला किंवा त्याची जहागीर काढून घेतली, तर थकलेला पगार मागायचा कोणाजवळ? हात-पाय गमावलेल्या माणसाची व मेलेल्याच्या बायकामुलांची सोय सर्वस्वी सरदाराच्या मर्जीवर अवलंबून राही. सरदार भला असेल तर भाकरी, नाहीतर रस्ता.

रहीमला ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही. तो स्वतःच अशा प्रसंगातून वाचलेला होता.

त्याचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोरास झाला. बाप बैरामखान, म्हणजे अल्पवयीन अकबराचा पालक व त्या वेळी राज्याचा खरा कारभारी. आई मेवातच्या घराण्यातील. मूल चार वर्षांचे होते न होते तोच बापाचे दिवस फिरले. अकबराने कारभार आपल्या हाती घेतला, आणि बैरामखान कुटुंबासह मक्केच्या यात्रेस निघाला. गुजरातेत पाटण येथे, ३१ जानेवारी १५६१ रोजी, एका अफगाणाने त्याला भोसकून ठार केले. ह्या अफगाणाचा बाप सहा वर्षांपूर्वी, १५५५ साली, माछीवाड्याच्या लढाईत बैरामखानाच्या फौजेविरुद्ध लढताना पडला होता. एका लढाईत पोरके झालेल्या मुलाने असा सूड उगवला व दुसरे मूल पोरके केले.

सरदार पडताच छावणी लुटली गेली. त्या गोंधळात बैरामखानाच्या पदरच्या काही जुन्या माणसांनी लहानग्या रहीमला व त्याच्या आईला बाहेर काढले. मुहम्मद अमीन दिवाना आणि बाबा जंबूर अशी त्यांपैकी दोघांची नावे इतिहासात टिकून आहेत. मागे अफगाण लागलेले असताना वाटेत लढत लढत त्यांनी मायलेकरांना अहमदाबादेस पोहोचविले. पुढे हे सर्वजण आग्र्याला गेले. धनी मेला होता, त्याच्यावर बादशहाची मर्जी उरलेली नव्हती, आणि दरबारात त्याचे वैरी भरलेले होते. ह्या लोकांना बक्षिसाची आशा कोठून असणार? तरीही त्यांनी मूल टाकले नाही. अकबर त्या वेळी स्वतः अठरा-एकोणीस वर्षांचा होता. दरबारातील कुजबुज न ऐकता त्याने मुलाला जवळ घेतले व आपल्या घरात वाढविले.

रहीमचे शिक्षण उत्तम झाले. अरबी, फारसी, तुर्की व हिंदी ह्या भाषा त्याला अवगत होत्या. १५८० साली अकबराने त्याला मीर अर्ज ह्या जागेवर नेमले. लोकांचे अर्ज व गाऱ्हाणी बादशहापुढे ठेवणे, हे त्या अधिकाऱ्याचे काम. दाराशी ताटकळणारा माणूस आत पोहोचणार की नाही हे त्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असे. त्या वेळी रहीम चोवीस वर्षांचाही झाला नव्हता.

त्याची पहिली मोठी परीक्षा गुजरातेत झाली. पदच्युत सुलतान मुजफ्फरशहाने बंड करून अहमदाबाद घेतले होते. रहीमच्या फौजेच्या मानाने त्याची फौज कितीतरी मोठी होती. माळव्यातून कुमक येईपर्यंत थांबावे असे बऱ्याच सरदारांचे मत पडले. दौलतखान लोदी नावाच्या त्याच्या कसलेल्या सेनानीने मात्र लढण्याचा सल्ला दिला. रहीमने तो मानला व १५८४ च्या जानेवारीत सरखेजजवळ विजय मिळविला. लढाईपूर्वी त्याने जाहीर नवस केला होता की, जय मिळाला तर आपल्याजवळ जे काही आहे ते शिपायांना वाटून टाकीन. असे नवस पुष्कळ सेनापती करतात. ह्याने तो अक्षरशः पाळला. सर्व वाटून झाल्यावर एक शिपाई आला व आपल्याला काहीच मिळाले नाही असे म्हणाला. रहीमजवळ तेव्हा लिहिण्याचे कलमदान तेवढे उरले होते. ते त्याने त्या माणसाच्या हाती ठेवले.

सिकलागच्या प्रसंगी सामानाजवळ थांबलेल्या थकल्या माणसांनाही दाविदाने लढणाऱ्यांइतकाच वाटा दिला, ही गोष्ट आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना ठाऊकच आहे. शेवटी आलेल्या शिपायाला मिळालेले ते कलमदान मुलांना सांगताना तिची आठवण होणे साहजिक आहे.

ह्या विजयानंतर रहीमला बापाचाच खानखाना हा किताब मिळाला. पुढची काही वर्षे आपण भरभर ओलांडू. १५८९ साली त्याने बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणून अकबराला सादर केले. नंतर सिंध जिंकून तेथील मिर्झा जानी बेगला दरबारी आणले. मग त्याला दक्षिणेच्या स्वारीवर धाडण्यात आले. अहमदनगरला चांदबिबीने किल्ला कसा लढविला हे मराठी वाचकांस सांगावयास नको. १५९६ साली तह होऊन वऱ्हाड मोगलांना मिळाले, पण शांतता टिकली नाही.

बुऱ्हाणपूरचा खरा संबंध येथून सुरू होतो. त्या वेळी खानदेशावर फारुकी घराण्याचे राज्य होते व बुऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी. राजा अलीखान हा त्यांचा सुलतान. बुऱ्हाणपूरची जामा मशीद त्यानेच बांधविली. तीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. त्यासाठी परगावचे लोक मुद्दाम ती पाहावयास जातात. हा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने, कदाचित मनाविरुद्धच, दक्षिणेत लढावयास आला होता.

१५९७ साली पाथरीच्या परिसरात, गोदावरीकाठी, विजापूरचा सेनापती सुहेलखान ह्याच्याशी गाठ पडली. ही लढाई इतिहासात आष्टीची किंवा सोनपतची म्हणून ओळखली जाते. दक्षिणी फौज संख्येने पुष्कळच मोठी होती. दौलतखान लोदी येथेही रहीमच्या बरोबर होता. पराजय झाल्यास आपल्याला कोठे शोधावे, असे त्याने विचारले असता, प्रेतांच्या खाली शोधा, असे उत्तर रहीमने दिल्याचे सांगतात. पहिल्या दिवशी मोगलांची एक बाजू पार कोसळली. राजा अलीखान ज्या ठिकाणी उभा होता तेथे विजापुरी तोफांचा व स्वारांचा सगळा भार पडला. अंधार झाला तेव्हा दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असे वाटत होते. मोगलांचे कित्येक लोक पळाले होते. रहीम मूठभर माणसांनिशी रणांगणावरच राहिला, आणि पांगलेल्यांना दिशा कळावी म्हणून रात्रभर कर्णे वाजवीत राहिला. आवाजाच्या रोखाने एकेक टोळी परत येत गेली. सकाळी पुन्हा लढाई झाली. सुहेलखान जखमी होऊन पडला. त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेले व मोगलांचा जय झाला.

परंतु त्या रात्री एक फार वाईट गोष्ट घडली होती. राजा अलीखान कोठे दिसत नाही, तेव्हा तो शत्रूला मिळाला असला पाहिजे किंवा पळाला असला पाहिजे, असा समज मोगल छावणीत पसरला. सैनिकांनी त्याच्या तळावर धाड घालून तो लुटला. सकाळी प्रेते पाहू लागले तेव्हा तो सापडला. तो जागचा हललाच नव्हता. त्याच्या भोवती खानदेशचे सरदार व शेकडो शिपाई पडलेले होते. ज्यांच्यासाठी ते मेले त्यांनीच रात्री त्यांचे तंबू लुटले होते.

राजा अलीखानाचे शव सन्मानाने बुऱ्हाणपूरला आणून तेथे दफन करण्यात आले. त्याची कबर अद्याप आहे. लुटणाऱ्यांना लाज वाटली, असे इतिहासकार लिहितात. ती वाटलीच असेल. पण मेलेल्या माणसावर एका रात्रीपुरता का होईना बेइमानीचा डाग लागला, ही गोष्ट त्याच्या घरच्यांनी कशी विसरावी? पुढे त्याचा मुलगा बहादूरखान मोगलांच्या विरोधात गेला व असीरगडावर जाऊन बसला. त्याला राजकारणाची इतर कारणे होतीच. तरी बापाच्या लुटलेल्या तळाचे शल्य त्यात मुळीच नव्हते, असे आम्हांस वाटत नाही.

ह्या विजयानंतर रहीमने जे केले त्याची नोंद मोगल इतिहासात ठळकपणे आहे. त्याच्याबरोबर रोख व सामान मिळून पंचाहत्तर लाख रुपयांचा ऐवज होता. तो सगळा त्याने शिपायांत वाटला. त्याच्यासाठी दोन उंटांचे ओझे होईल एवढेच सामान उरले. जुन्या बखरकारांचे आकडे फुगलेले असतात हे आम्ही जाणतो. पाहिजे तर निम्मे धरा, चौथाई धरा. मोहीम संपलेली नसताना सेनापतीने आपला खजिना रिकामा करावा, ही गोष्ट कोणत्याही काळात विरळाच. हा पैसा मुळात शेतकऱ्याच्या साऱ्यातून व लुटीतूनच आलेला होता, हेही विसरता कामा नये. ज्याच्या घोड्याखाली गोदावरीकाठची शेते तुडविली गेली त्याचा वाटा कोणी काढला नाही.

१६०० च्या ऑगस्टात अहमदनगर पडले, १६०१ च्या जानेवारीत असीरगडही अकबराच्या हाती आला, आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेचे मुख्य ठाणे बनले. शहजादा दानियाल हा रहीमचा जावई. तो १६०५ साली येथेच दारूच्या पायी मेला व रहीमची मुलगी जाना बेगम तरुणपणीच विधवा झाली. ह्यापुढील वीस वर्षे, मधूनमधून दरबारी परत बोलावणे आले तेवढा काळ सोडून, रहीम बुऱ्हाणपूरलाच होता.

ठाण्याचे गाव म्हणजे शिपायांचे गाव. येथे मोहिमेवर निघालेले लोक होते, तसेच परत आलेले जखमी, आजारी, नोकरीच्या शोधात बसलेले व वय झालेलेही होते. एवढ्या वस्तीला तापीचे पाणी पुरे, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटेल. परंतु पावसाळ्यात नदी गढूळ होते, उन्हाळ्यात आटते, आणि वेढा पडला की शत्रूचा पहिला हात पाण्यावर पडतो. १६१५ च्या सुमारास रहीमच्या कारकिर्दीत शहराला भूमिगत पाणी पुरविण्याचे काम झाले. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने त्याची आखणी केली, असे सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी जिरलेले पावसाचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात घ्यावयाचे, बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवावयाची म्हणजे हवा खेळती राहते व गाळ काढता येतो, आणि उताराच्या जोरावर पाणी आपोआप गावाकडे वाहू द्यावयाचे, अशी ही रचना आहे. जाली करंज ह्या हौदात ते जमा होई व तेथून मातीच्या नळांनी शहरात जाई. मोट नाही, रहाट नाही. ह्या तोंडांना कुंडी म्हणतात, म्हणून नाव कुंडी भंडारा. खनिजांमुळे पाण्याला लालसर झाक असल्याने लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात. युनेस्कोच्या वारसास्थळांच्या संभाव्य यादीत २०२४ साली त्याचा समावेश झाला.

पाण्याची व्यवस्था केवळ शिपायांसाठी नव्हती. ती विणकऱ्यांना, व्यापाऱ्यांना, वाटसरूंनाही मिळाली. पण लष्करी वस्तीचा भार गावावर पडतो तेव्हा गावकरी व शिपाई ह्यांच्यातील पहिले भांडण पाणवठ्यावर होते, हे ज्यांनी छावणीचे गाव पाहिले आहे ते जाणतात. सैनिकाची सोय आणि गावाची सोय एकाच कामात झाली, ह्याचे आम्हांस विशेष वाटते.

बुऱ्हाणपूरच्या ह्या दिवसांविषयी एक आख्यायिका आहे. इतिहास म्हणून नव्हे, तर गोष्ट म्हणूनच ती घ्यावी. पगडीत दोन खिळे खोवलेला एक शिपाई रहीमसमोर आला. खिळे कशासाठी, असे विचारता तो म्हणाला की, एक खिळा पगार न देणाऱ्या धन्यासाठी आहे व दुसरा पगार घेऊन काम न करणाऱ्या चाकरासाठी. रहीमने त्याला जन्मभराचा पगार एकदम मोजून दिला, आणि धन्याच्या नावाचा खिळा तेवढा काढून टाक असे सांगितले. गोष्ट खरी असो वा नसो, थकलेल्या पगाराचे दुःख केवढे होते ते तीवरून दिसते.

रहीमच्या हातून झालेल्या सर्व कामांत आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते दुसरेच. १६१४ साली अब्दुल बाकी नहावंदी नावाचा इराणी विद्वान बुऱ्हाणपूरला त्याच्या आश्रयास आला व दोन वर्षांत त्याने मआसिर-ए-रहीमी हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. आश्रयदात्याची स्तुती त्यात भरपूर आहे. ती असावयाचीच. परंतु ग्रंथाच्या अखेरच्या भागात रहीमच्या पदरच्या माणसांचा परिचय दिलेला आहे. आधी विद्वान, मग कवी, आणि मग लष्करी पेशाचे लोक. कवींना इतिहासात जागा मिळतेच, कारण लेखणी त्यांच्याच हाती असते. शिपायांना ती बहुधा मिळत नाही. अमुक हजार स्वार, तमुक हजार प्यादे, एवढ्यात त्यांचे काम आटोपते. येथे एकेका माणसाचे नाव आहे, त्याचे कुळ आहे, त्याने केलेली चाकरी आहे. अहमदनगर, खडकी, देवळाली अशा छावणीच्या गावांतील जुन्या देवळांच्या भिंतींवर नावे कोरलेल्या पाट्या आपण पाहतो. तिकडे पाहत बसलेली मुले उपदेश ऐकत नाहीत, अशी तक्रारही कधी कधी कानी येते. आम्हांस त्या मुलांचे काही चुकते असे वाटत नाही. नाव वाचले म्हणजे माणूस होता हे कळते. बुऱ्हाणपूरच्या त्या ग्रंथाने चारशे वर्षांपूर्वी कागदावर तेच काम केले.

ह्यावरून रहीम निर्दोष होता असे कोणी समजू नये. १६१० साली भर पावसाळ्यात त्याने शहजादा परवेजची फौज बालाघाटात नेली. सरदारांत एकमत नव्हते, दाणावैरण नव्हती. घोडे व उंट मेले, माणसे उपाशी राहिली, आणि मलिक अंबरशी मानहानीचा तह करून परतावे लागले. शिपायांना लाखो वाटणाऱ्या सेनापतीच्या हाताखाली शिपायांचे झालेले हे हाल त्याच्या चरित्रातून पुसता येत नाहीत. दक्षिणी राजांशी त्याचे आतून साटेलोटे आहे, असा आरोप त्याच्यावर वारंवार झाला. जहांगीरचा त्याच्यावर पुरा विश्वास कधीच नव्हता. ह्या आरोपांत किती तथ्य होते ह्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. धूर्तपणा त्याच्या अंगी होता, एवढे मात्र नाकारता येणार नाही.

म्हातारपणी त्याच्यावर एकामागून एक आघात झाले. थोरला मुलगा शाहनवाजखान मोठा शूर. १६१६ साली जालन्याच्या बाजूस रोशनगावला त्याने मलिक अंबरचा पराभव केला होता. तोही १६१९ साली व्यसनापायी गेला. उतावळी नदीच्या काठी त्याची काळ्या दगडाची कबर आहे. बुऱ्हाणपूरचे लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. पाठोपाठ आणखी एक मुलगा रहमानदाद वऱ्हाडात बाळापूरला तापाने वारला. १६२० साली मलिक अंबरच्या फौजांनी बुऱ्हाणपूरलाच वेढा घातला. चौसष्टीच्या घरातील रहीमने बादशहाला कळविले की, मदत आली नाही तर रजपुतांप्रमाणे जोहार करून मरण पत्करीन. मदत आली. वेढ्याच्या त्या दिवसांत भूमिगत पाणी गावाच्या उपयोगी पडले असणारच.

मग शहजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शहाजहानने, बापाविरुद्ध बंड केले. रहीम प्रथम त्याच्या बाजूस गेला, नंतर महाबतखानाशी गुप्त पत्रव्यवहार करताना सापडला, काही काळ असीरगडावर कैदेत पडला, आणि सुटताच बादशाही पक्षाला मिळाला. दोन्हीकडचा विश्वास गेला. महाबतखानाने त्याला नजरकैदेत टाकावयाचे ठरविले, तेव्हा अडसर होता तो मियाँ फहीमचा.

हा फहीम जन्माने गुलाम. रजपूत कुळातला, असे म्हणतात. रहीमने त्याला आपल्या मुलांबरोबर वाढविले होते व अनेक मोहिमांत तो सैन्याच्या आघाडीवर लढला होता. महाबतखानाने त्याला मोठ्या पदाचे आमिष दाखविले. त्याने ते झिडकारले. धन्याला धरावयास माणसे आली तेव्हा तो मुलासह व थोड्या सोबत्यांसह लढला आणि सर्वजण तेथेच पडले. पाटणला चार वर्षांच्या मुलासाठी बापाचे शिपाई लढले होते. येथे अडुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्यासाठी त्याने वाढविलेला शिपाई लढला. दिल्लीत हुमायूनच्या कबरीजवळ निळ्या घुमटाची एक वास्तू आहे. ती रहीमने फहीमसाठी बांधविली असे परंपरा सांगते. अलीकडील अभ्यासक ती वास्तू त्याहून जुनी मानतात. लोकांनी मात्र तिला शतकानुशतके त्या शिपायाचेच नाव दिले.

त्याचा मुलगा दाराबखान बंगालमध्ये शाही सैन्याच्या हाती सापडला. त्याचा शिरच्छेद करून शिर कैदेत असलेल्या बापाकडे पाठविण्यात आले. ह्यापुढे लिहिण्याजोगे थोडेच आहे. १६२५ साली जहांगीरने त्याला क्षमा करून एक लाख रुपये दिले व काढून घेतलेला खानखाना हा किताब परत केला. १६२७ साली दिल्लीत त्याचा अंत झाला. पत्नी माह बानू १५९८ साली वारली, तेव्हा तिच्यासाठी त्याने निजामुद्दीनजवळ थडगे बांधविले होते. तेथेच त्यालाही पुरले.

ह्या थडग्याचा संगमरवर व तांबडा दगड अठराव्या शतकात सफदरजंगच्या कबरीसाठी उचकटून नेण्यात आला. कित्येक पिढ्या ते उघडे, विटामातीचे असेच उभे होते. अलीकडे, सहा वर्षांच्या कामानंतर, २०२० च्या अखेरीस त्याची दुरुस्ती पुरी झाली.

बुऱ्हाणपूरला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना किल्ला व हमामखाना दाखवून परत आणू नये. राजा अलीखानाची कबर व उतावळीकाठची शाहनवाजखानाची कबर ही दोन्ही ठिकाणे अवश्य दाखवावीत. कुंडी भंडारा लालबागच्या बाजूस, गावाबाहेर आहे. रेल्वे स्थानकही त्याच अंगाला असल्यामुळे गाडीतून उतरल्यावर प्रथम तिकडे जाऊन मग शहरात शिरणे सोयीचे पडते. कुंड्यांची तोंडे उंच बांधलेली, ओळीने एकामागून एक शेतांतून दिसतात. मुलांनी ती मोजीत चालावे. शंभराच्या आसपास भरतात.